हद्दपारीच्या छायेतील धम्मबांधव आणि आपले कर्तव्य

(वर्षावासानिमित्त विहारात भरलेल्या सभेत केलेले भाषण)



आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतलेली आहे. नवा धम्म स्वीकारल्यानंतर माणसाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, आता माझे आप्त कोण? जुने देव सुटले, जुनी जात सुटली. मग माझ्या संकटात कोणी धावून यावयाचे आणि मी कोणाच्या संकटात धावून जावयाचे? या प्रश्नाचे उत्तर मी केवळ उपदेशाने देणार नाही. देशाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या एका बौद्ध समाजाची हकीकत आज मी तुमच्यापुढे ठेवणार आहे. तीतून उत्तर आपोआप निघेल.

चकमा हे पिढ्यान्‌पिढ्या थेरवादी बौद्ध असलेले लोक. त्यांचे मूळ वसतिस्थान चितगावचा डोंगरी प्रदेश. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा तेथील बहुतेक लोकवस्ती मुसलमानेतर होती. १५ ऑगस्ट रोजी रांगामाटी येथे त्यांनी भारताचा ध्वज उभारला. परंतु दोनच दिवसांनी सीमा-निवाडा जाहीर झाला आणि तो प्रदेश पाकिस्तानात गेला. पुढे पाकिस्तान सरकारने कर्णफुली नदीवर कप्ताई येथे वीजनिर्मितीसाठी धरण बांधले. १९६२ च्या सुमारास ते पूर्ण झाले. त्या पाण्याखाली प्रदेशातील लागवडीच्या उत्तम जमिनीपैकी सुमारे दोन-पंचमांश जमीन गेली आणि सुमारे एक लाख माणसे निर्वासित झाली. शहरांतील दिवे लागले. ज्यांच्या शेतावरून ती वीज निघाली त्यांची घरे मात्र कायमची अंधारात बुडाली. त्या वाताहतीला चकमा लोक आपल्या भाषेत ‘बर परंग’, म्हणजे महास्थलांतर, असे म्हणतात.

यांपैकी हजारो लोक १९६४ पासून भारतात आले. चकमांबरोबर हाजोंग नावाचे हिंदू लोकही आले. भारत सरकारने त्यांना त्या काळच्या ईशान्य सीमा प्रदेशात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, स्वतः नेऊन वसविले, जमिनी दिल्या आणि पुनर्वसनासाठी दर कुटुंबास ४,२०० रुपये मंजूर केले. म्हणजे हे लोक रात्रीच्या अंधारात चोरवाटेने शिरलेले नव्हते. सरकारने बोलावून बसविलेले ते पाहुणे होते, आणि त्यांनी जंगल तोडून, शेते करून आपले पोट स्वतःच्या श्रमाने भरले.

तीस वर्षांनी त्यांना सांगण्यात आले की, निघून जा. १९९४ साली अखिल अरुणाचल प्रदेश विद्यार्थी संघटनेने त्यांना ३० सप्टेंबरपर्यंत राज्य सोडण्याची नोटीस दिली. वस्त्यांची कोंडी करून धान्य व औषधे अडविली जात आहेत, अशी तक्रार पुढे न्यायालयापर्यंत गेली. बंधूंनो, ज्यांचे गाव पाण्याखाली आहे त्यांनी निघून जावे तरी कोठे?

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. अरुणाचलातील मूळ जमाती याही काही जुलमी सावकार नव्हेत. त्याही डोंगरातल्या अल्पसंख्य जमाती आहेत. आपली भूमी व आपली ओळख बाहेरच्या लोकांच्या लोंढ्यात बुडेल, ही त्यांची भीती खोटी नाही. म्हणूनच १८७३ च्या नियमाने बाहेरच्यांच्या प्रवेशावर तेथे निर्बंध आहेत. त्यांच्यातील खाम्ती आणि सिंगफो हे तर स्वतः थेरवादी बौद्धच आहेत. एका दुबळ्याच्या भीतीवर उपाय म्हणून दुसऱ्या दुबळ्याला उघड्यावर टाकणे याला मात्र न्याय म्हणता येत नाही. भार वाटून घेण्याचे काम सरकारचे आहे. त्याची किंमत घरादारासह एकाच समाजाकडून वसूल करणे गैर आहे.

मग चकमा समाजाने काय केले? त्याने दंगल केली नाही आणि नशिबाला दोष देत तो बसलाही नाही. १९९१ साली त्यांनी आपल्या नागरिकत्वाच्या हक्कांसाठी समिती स्थापन केली. ज्यांचा त्यांच्याशी नात्याचा वा जातीचा काही संबंध नव्हता असे नागरी स्वातंत्र्यासाठी झटणारे लोक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. दोहोंनी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे तक्रार नेली आणि आयोगाने थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले.

९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला. राज्यातील प्रत्येक चकमा माणसाच्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. कोणत्याही संघटित टोळीने त्यांना हुसकावू पाहिल्यास ते रोखले पाहिजे. कायद्याच्या मार्गाखेरीज कोणालाही घरातून काढता येणार नाही. आणि नागरिकत्वाचा अर्ज प्रलंबित आहे तोवर अर्जदारास हुसकावता येणार नाही, असे त्याने बजावले. स्थानिक अधिकारी अर्ज स्वतःपाशीच दाबून ठेवीत होते. ते केंद्र सरकारकडे पाठविलेच पाहिजेत, असाही हुकूम झाला.

या निकालाचा पाया कोठे आहे, हे तुम्ही नीट ध्यानात घ्या. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिने सिद्ध केलेल्या संविधानात भाषणाचे व संघटनेचे स्वातंत्र्य देणारा १९ वा अनुच्छेद ‘नागरिकां’विषयी बोलतो. परंतु समानतेचा १४ वा आणि जीविताचा २१ वा अनुच्छेद ‘व्यक्ती’विषयी बोलतो. म्हणजे ज्याच्या हातात नागरिकत्वाचा कागद नाही तोही माणूस आहे आणि कायदा त्याचाही रक्षक आहे. ज्याला मनुष्य म्हणून पाणीसुद्धा नाकारले गेले त्या समाजात जन्मलेल्या महापुरुषाला या एका शब्दाचे मोल काय होते, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

तथापि निकाल मिळाला म्हणजे हक्क हाती आला असे नाही. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला मनुष्य कायद्याने जन्मतः नागरिक ठरतो. तरीही या मुलांची नावे मतदार-यादीत नव्हती. २००० साली दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा २००४ साली सुमारे दीड हजार लोकांना प्रथमच मत देता आले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्वाचे काम तीन महिन्यांत पुरे करण्यास सांगितले. ती मुदत काम अपुरे ठेवूनच उलटली. २०२१ साली त्यांना राज्याबाहेर हलविण्याची भाषा पुन्हा ऐकू आली.

तुम्ही म्हणाल, हे फार दूरचे आहे आणि आमचीच दुःखे काय थोडी आहेत? मी तुम्हांला १९५६ सालाची आठवण देतो. नागपूरला दीक्षा घेऊन ज्यांनी कागदावर प्रामाणिकपणे ‘बौद्ध’ असे लिहिले त्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, तिष्ठत बसावे लागले. माणूस तोच, वस्ती तीच, दारिद्र्य तेच. एका कागदावरील एका शब्दाने दार बंद झाले. कागदाअभावी माणूस कसा नाहीसा केला जातो हे आपल्याइतके कोणाला कळणार?

म्हणून आपले कर्तव्य सरळ आहे. प्रत्येक विहारात दोन शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ कागदपत्रांसाठी द्यावी. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, शिधापत्रिका, जुन्या पावत्या यांची जपणूक कशी करावी हे आयाबहिणींना समजावून द्यावे. स्त्रिया, मुले आणि अटकेतील माणसे यांना १९८७ च्या कायद्यान्वये मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची वाट त्यांना दाखवावी. तारखेच्या दिवशी त्या कुटुंबाबरोबर कोणीतरी कोर्टात जाऊन बसावे. कर्ता पुरुष कोठडीत असेल तर त्याची चूल विझणार नाही आणि मुलांची शाळा सुटणार नाही, इतके धान्य व इतके पैसे विहाराच्या पेटीत असावेत. आणि पुरावा पाहिल्याखेरीज कोणाही गरिबास ‘घुसखोर’ हा शब्द आपल्या तोंडून जाऊ नये. मिथ्या व कठोर वाणीपासून दूर राहणे हा सम्यक् वाचेचाच भाग आहे.

आणखी एक. चकमा बौद्ध आहेत म्हणून तेवढेच आपले, असे समजू नका. त्यांच्याबरोबर हाजोंगही उभे आहेत. आपल्या गावकुसाबाहेर पाल ठोकून राहणारे, शिधापत्रिका नसलेले पारधी कुटुंबही त्याच रांगेत आहे. धम्माची मैत्री धर्माचा दाखला मागू लागली तर ती मैत्री राहणार नाही. तीही एक नवी जातच होईल, आणि जात तर आपण मागे टाकून आलो आहोत.

आरंभी विचारले होते की, आपले आप्त कोण? ज्याच्या दारावर निघून जाण्याची नोटीस लागली आहे, तो आपला आप्त. या पौर्णिमेला घरी परत जाल तेव्हा प्रथम आपली स्वतःची कागदपत्रे एका पिशवीत नीट लावा. आणि नंतर शेजारच्या अशा एका घरी जा, जेथे ती लावून देणारे कोणी नाही.

जय भीम!