गुणफलकावर काय लिहायचं?



आज एका खेळाची गोष्ट सांगतो. खेळ अमेरिकेतला आहे, पण मुद्दा आपल्यालाही लागू पडतो.

कॅन्सस आणि मिसुरी ही शेजारची राज्यं. त्यांच्या विद्यापीठांचे फुटबॉल संघ १८९१ साली पहिल्यांदा भिडले. तिकडचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन धावायचं, धडका द्यायच्या आणि धडका खायच्या. या लढतीचं जुनं नाव ‘बॉर्डर वॉर’, म्हणजे सीमेवरचं युद्ध.

ते नाव उगाच पडलं नव्हतं. कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नसावी, हे तिथे वस्ती करणाऱ्यांनी ठरवावं, असा कायदा १८५४ मध्ये झाला. मिसुरीत गुलामगिरी होती. तिथले लोक सीमा ओलांडून कॅन्ससमध्ये मतदानात घुसले. मग बंदुका निघाल्या. २१ ऑगस्ट १८६३ रोजी क्वांट्रिलच्या टोळीने कॅन्ससमधलं लॉरेन्स गाव जाळलं आणि दीडशेच्या आसपास पुरुष व मुलगे मारले. चारच दिवसांनी केंद्राच्या फौजेने हुकूम काढला. मिसुरीच्या सीमेवरच्या कितीतरी कुटुंबांना घरदार सोडावं लागलं.

त्यानंतर अवघ्या २८ वर्षांनी तिथली पोरं बंदुकीऐवजी चेंडू घेऊन समोरासमोर आली. मला ही मोठी गोष्ट वाटते.

२००४ मध्ये इराकचं युद्ध चालू असताना नावातला ‘वॉर’ हा शब्द काढला गेला. फौजी माणूस म्हणून मला तो निर्णय पटतो. पण २००७ च्या सामन्यात मिसुरीच्या काही चाहत्यांचे टी-शर्ट पाहा: जळणाऱ्या लॉरेन्सचं चित्र आणि सोबत ‘स्कोअरबोर्ड’ हा शब्द! म्हणजे नाव बदललं, मनं तिथेच राहिली.

पुढे मिसुरी दुसऱ्या लीगमध्ये गेलं आणि २०११ नंतर फुटबॉलचा हा सामना थांबला. तो सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा झाला. मिसुरी ४२–३१ ने जिंकलं.

पलटणीत आमचेही कंपनी-कंपनीचे सामने व्हायचे. गुडघे फुटायचे, चिडवाचिडवी व्हायची, पण रात्री जेवण एकाच लंगरात. चुरस हवीच, मंडळी. घसा बसेपर्यंत ओरडा. फक्त मेलेल्या माणसांचा आकडा गुणफलकावर लिहू नका.

जय हिंद.