जादा तासांचा हिशेब

(कामगार स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



ओव्हरटाइम हा विषय आपल्या शिबिरांत सहसा येत नाही. मारहाण, पोटगी, रेशन येतं. पगाराचा प्रश्न युनियनचा, असं आपण धरून चालतो. आणि युनियनमध्ये बायकांचा प्रश्न निघाला की तो आपल्याकडे ढकलला जातो. मधल्यामध्ये बाईचे रोजचे दोन तास गायब होतात.

मी ज्यांच्याबरोबर काम करते त्या पॅकिंग आणि शिलाईच्या कामावरच्या, बहुतेक ठेकेदाराकडून लागलेल्या बायका. त्यांना विचारलं, 'ओव्हरटाइम मिळतो का?' की उत्तर येतं, 'आम्हाला ओव्हरटाइम नसतोच ताई, टार्गेट पुरं होईपर्यंत थांबावं लागतं एवढंच.' गोम इथेच आहे. पुरुष मशीनवर थांबला तर तो ओव्हरटाइम. बाई थांबली तर तिचा हात हळू चालतो म्हणून. टार्गेट ठरवतो मालक, आणि ते आठ तासांत झालं नाही की दोष तिचा! रोजावर किंवा महिन्याच्या पगारावर असलेल्या बाईच्या बाबतीत कायदा टार्गेट बघत नाही, तास बघतो.

युक्त्या पुष्कळ आहेत. साडेपाचला कार्ड पंच करायला लावायचं आणि परत लाइनवर बसवायचं. पाऊण तास मोजायचाच नाही, 'तास भरला नाही' म्हणून. जादा पैसे साध्या चिठ्ठीवर रोख द्यायचे, म्हणजे पगाराच्या स्लिपमध्ये काही दिसत नाही. एखादीला 'लाइन लीडर' करायचं आणि सांगायचं, तू आता सुपरवायझर, तुला ओव्हरटाइम लागू नाही. अशा वेळी पदाचं नाव नव्हे, ती प्रत्यक्ष काय काम करते ते बघायचं असतं. ती दिवसभर इतरांसारखीच शिवत असेल तर ती कामगारच.

आणि जिथे पैसे मिळतात तिथे 'सिंगल' मिळतात. समजा आठ तासांचा रोज 560 रुपये, म्हणजे तासाला 70. जादा तासाला 140 मिळायला हवेत. महिन्याला 40 तास जादा झाले तर 5,600 रुपये होतात, हातात पडतात 2,800. आणि ते 2,800 सुद्धा मेहेरबानी म्हणून.

ही दुप्पट मेहेरबानी नव्हे. 1890 साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली, साप्ताहिक सुटी मागितली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. 1946 मध्ये, डॉ. आंबेडकर मजूर खातं सांभाळत असताना आलेल्या दुरुस्तीने कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. 1948 च्या कारखाने कायद्यात दुप्पट दर पक्का झाला. करोनाच्या काळात, एप्रिल 2020 मध्ये, गुजरात सरकारने बारा तासांचा दिवस आणि जादा तासांना साधाच दर, असा हुकूम काढला. गुजरात मजदूर सभेने तो सर्वोच्च न्यायालयात नेला. 1 ऑक्टोबर 2020 ला न्यायालयाने हुकूम रद्द केला आणि त्या काळातला ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायला लावला. हा निकाल जवळ ठेवा.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता आल्या. त्यांच्याबद्दल आपले आक्षेप आहेत, ते वेगळ्या सत्रात बोलू. पण दुप्पट दर तिथेही आहे, आणि जादा कामाला कामगाराची संमती लागते. संध्याकाळी सातनंतर बाईला ठेवायचं तर तिची संमती हवीच. आता ही संमती कशी घेतली जाते? कामाला लागायच्या दिवशी दहा कागदांवर सह्या, त्यातच ही एक. सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस 12 तासांपर्यंत आणि तिमाहीचा ओव्हरटाइम 115 वरून 144 तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली, तीही लेखी संमतीच्या अटीवर. नाही म्हटलं तर उद्या गेटवर कार्ड चालत नाही, मग कसली संमती?

इथे आपल्यातल्या काही जणी म्हणतात, ओव्हरटाइम नकोच, बायकांवर आधीच दुहेरी ओझं. मला हे पुरतं पटत नाही. जिला पोरांची फी भरायची आहे तिला तो पैसा हवा असतो. उशीर झाला म्हणून घरी बोलणी खायची, आणि पैसा मात्र निम्माच आणायचा, असं का? ती थांबेल की नाही हे तिने ठरवावं. थांबली तर पूर्ण मोजून घ्यावं.

त्यासाठी वही. साधी, शाळेची. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, शेजारी कोण होतं, किती पैसे मिळाले. रोजच्या रोज, त्याच रात्री लिहायचं. पगाराची स्लिप देणं मालकाला बंधनकारक आहे, ती मागून चिकटवायची. देणी दिली हे सिद्ध करायची जबाबदारी नव्या वेतन संहितेत मालकावर आहे. पण किती तास काम झालं यावरच वाद घालतात, तिथे वही बोलते. ठेकेदार पळाला तर ज्या कंपनीचं काम केलं तिच्यावर जबाबदारी येते, म्हणून वहीत कंपनीचं नावही हवं.

दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. एकाच ठिकाणच्या अनेक जणींचा मिळून एकच अर्ज चालतो, आणि नोंदलेली युनियनही आपल्या सभासदांसाठी अर्ज करू शकते. एकटीने पुढे जाऊ नका, एकटीला काढून टाकणं सोपं असतं. निदान सात-आठ जणींच्या वह्या जमल्या की मग कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन अर्ज कुणापुढे करायचा ते विचारा. मी काही वह्या बरोबर आणल्या आहेत, नावं झाकून. चहानंतर गटागटाने बसून त्यातला एकेक महिना मोजून बघू.