सावली ठरवून मिळते
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विहारासमोरच्या मोकळ्या जागेत गाळे काढावेत का झाडं लावावीत, अशी चर्चा आपल्यात चालू आहे. त्यावर मला चार शब्द बोलायचे आहेत.

आपण दरवर्षी ६ डिसेंबरला धाराशिवहून दादरला जातो. चैत्यभूमीचं अभिवादन झालं की पुष्कळजण रेल्वेच्या पलीकडं, हिंदू कॉलनीत राजगृह पाहायला जातात. त्या गल्ल्यांत शिरलं की स्टेशनचा गलका मागं पडतो. दोन्ही अंगाला जुनी मोठाली झाडं. पुढं पारशी कॉलनी, तिथं तर एका ठिकाणी पाच बागा. आपल्या माणसाला वाटतं, श्रीमंतांचं नशीब! पण नशिबाचा काही संबंध नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांत माणसं पटापट मेली. मग १८९८ साली सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टनं दादर-माटुंग्याला जमीन घेऊन रुंद रस्ते आखले, बागांना जागा सोडली. पारशी कॉलनीसाठी मंचेरजी जोशी नावाच्या इंजिनिअरनं झटून काम केलं. म्हणजे ती सावली कागदावर आधी ठरली, जमिनीवर नंतर पडली.

आणि त्याच ट्रस्टनं गरिबांसाठी काय बांधलं? बी.आय.टी. चाळी. लहान खोल्या, नळ-संडास सामाईक. परळच्या अशाच चाळीत दोन खोल्यांमध्ये बाबासाहेबांचा संसार वीसेक वर्षं होता. बॅरिस्टर होऊन आले तरी तिथंच. पुढं १९३० नंतर त्यांनी राजगृह बांधलं, ग्रंथांना ऐसपैस जागा केली. पण माता रमाईंना ते घर फार काळ लाभलं नाही. २७ मे १९३५ रोजी तिथंच त्यांचं निधन झालं. उजेड, हवा, सावली माणसाच्या वाट्याला किती उशिरा येते, याचा विचार करा.

अशा भागात राहणं कसं असतं? भर दुपारी बाई पिशवी घेऊन पायी बाजाराला जाते. म्हातारी माणसं बाकावर बसतात. त्रासही असतो. पावसात फांदी मोडते, पाल्यानं गटार तुंबतं. आता जुन्या इमारतींच्या जागी टॉवरही येत आहेत. आणि तिथं भांडी घासणारी, झाडू मारणारी आपली माणसं संध्याकाळी लोकल धरून बिनझाडाच्या वस्तीत परत जातात.

राजगृह हे नाव मगधाच्या राजधानीचं. तिथल्या बिंबिसार राजानं तथागतांना वेळुवन दान दिलं. नगरापासून फार लांब नाही, फार जवळ नाही, लोकांना येता-जाता यावं आणि रात्री शांतताही असावी, अशी जागा त्यानं विचार करून निवडली. म्हणजे विहार आणि झाडी यांचं नातं पहिल्यापासूनचं आहे.

मी सूतगिरणीतला माणूस. धागा तुटू नये म्हणून खात्यातल्या हवेत मुद्दाम ओलावा ठेवतात. धाग्याची एवढी काळजी! मग आपल्या वस्तीत पत्र्याखाली दुपार काढणाऱ्या लेकराची काळजी कोण घेणार? ती आपणच घ्यायची.

गाळ्याचं भाडं विहाराला लागतं, हे मला कळतं. लाइटबिल चुकत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की रस्त्याकडेला दोनच गाळे काढा, बाकी जागा सोडा. तिथं कडुनिंब आणि करंज लावा, आपल्या उन्हाला ही झाडं टिकतात. पिंपळ भिंतीपासून चांगला लांब लावा, नाहीतर मुळ्या पाया उकलतील. नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा पहिले तीन उन्हाळे एकेका घरानं एकेक झाड वाटून घ्यावं आणि भाजी धुतलेलं पाणी त्याला घालावं. सुरुवात माझ्या घरापासून करा.

आणि एक अट. त्या जागेला गेट करायचं नाही, कुलूप लावायचं नाही. हातगाडीवाला असो, कुणाही जातीचा वाटसरू असो, त्यानं तिथं विचारल्याशिवाय बसावं. आपल्या वाडवडलांना पाण्यासाठी, सावलीसाठी कुणाची परवानगी मागावी लागली, ती पाळी आपण दुसऱ्यावर आणायची नाही.

कमिटीनं येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, एवढी विनंती करून थांबतो. जयभीम! नमो बुद्धाय!