उष्णतारोधक साहित्याची निवड : छप्पर आणि भिंती
(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात दिलेले भाषण)



आपल्या विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अनेक परीक्षाही त्याच दिवसांत येतात. आपल्यातील कित्येकांचा अभ्यास पत्र्याच्या खोलीत किंवा पोटमाळ्यावर चालतो. दुपारी तिथे डोके चालत नाही. हा मुलांच्या बुद्धीचा दोष नसून छपराचा दोष आहे. म्हणून आज घर थंड ठेवणाऱ्या साहित्याविषयी चार शब्द सांगणार आहे.

उन्हात पत्रा हवेपेक्षा पुष्कळ जास्त तापतो आणि खाली बसलेल्यांवर उष्णता फेकतो. पंखा लावला तरी तो गरम हवाच फिरवतो. म्हणून पहिला रुपया छपराच्या वरच्या बाजूवर खर्च करावा. पत्र्यावर छपरासाठी मिळणारा पांढरा रंग लावावा. स्लॅबवर चुना चालतो, पण तो पावसाने धुऊन जातो. त्यामुळे दर उन्हाळ्याआधी पुन्हा लावावा लागतो. या साध्या उपायाचे महत्त्व ओळखून तेलंगण सरकारने २०२३ साली त्यासाठी स्वतंत्र धोरण केले.

दुसरा उपाय म्हणजे पत्र्याखाली वीतभर जागा सोडून छत करावे आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना झरोके ठेवावेत. गरम हवा बाहेर निघून जाते.

त्यानंतर साहित्याचा प्रश्न येतो. थर्माकोल, काचलोकर आणि दगडलोकर यांचे मर्म एकच : त्यांत हवा अडकून स्थिर राहते. दोन इंच थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवण्यासाठी सुमारे एक मीटर जाडीची विटांची भिंत लागेल. मग थर्माकोलच का घेऊ नये?

माझा अनुभव सांगतो. स्वस्त म्हणून मी माझ्या घरी पत्र्याखाली उघडा थर्माकोल चिकटवला होता. एके दिवशी वायरच्या जोडात ठिणगी पडली. थर्माकोल वितळून जळते थेंब खाली अंथरुणावर पडू लागले, खोली काळ्या धुराने भरली. घरात त्या वेळी मोठी माणसे होती म्हणून निभावले. मुले झोपलेली असती तर काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो. २०१७ साली लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसे गेली. तिथेही बाहेरच्या भिंतींवरील ज्वालाग्राही आवरणामुळे आग झपाट्याने पसरली होती.

म्हणून दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. हे जळते का? ओले झाले तर काय होते? यात उंदीर-वाळवी लागते का? काचलोकर व दगडलोकर जळत नाहीत, परंतु भिजल्या की निकामी होतात. म्हणून आधी छपराची गळती बंद करावी. त्या बसवताना हातमोजे व तोंडाला मास्क हवाच, आणि खालून जिप्समचे फळे लावून त्या झाकाव्यात. भाताचा तूस, गवत स्वस्त आहे, पण ते पेटते आणि त्यात उंदीरही घर करतात. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव आहे. ते कापू नका, घासू नका, त्यांना भोके पाडू नका. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

स्लॅबचे घर असेल तर थर वरून द्यावा. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री खोलीत सोडतो. वरून ब्रिकबॅट कोबा व पांढरी चायना मोझॅक केल्यास फरक पडतो. मात्र स्लॅबला वजन पेलेल का, हे जाणकाराला आधी विचारावे.

भिंतींत पश्चिमेची भिंत सर्वांत त्रासदायक असते. नवीन बांधकामात विटा उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत लॉरी बेकर यांनी केरळात रुजवली. तिने विटाही सुमारे एक चतुर्थांश वाचतात. जुन्या भिंतीला फिकट रंग आणि बाहेरून झाडाची किंवा मांडवाची सावली पुरते.

मित्रांनो, आधी ऊन अडवा, मग हवा खेळवा आणि शेवटी साहित्य विकत घ्या. हा क्रम पाळला तर थोड्या पैशांत खोली बसण्याजोगी होते. घरात एकच खोली सुधारणे शक्य असेल, तर ती मुलांच्या अभ्यासाची असावी, एवढीच माझी पालकांना विनंती आहे.