ओला चमचा कोणी घातला?

 विमानदुरुस्तीच्या धंद्याचे नियम अलीकडे बरेच बदलले, त्यातलं करांचं आधी उरकून घेतो. एप्रिल २०२० पासून दुरुस्तीसेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. १५ जुलै २०२४ पासून आयात होणाऱ्या सुट्या भागांना आणि तपासणीच्या उपकरणांनाही अटींसह सरसकट ५ टक्केच. दुरुस्तीला आलेला माल परत पाठवायची मुदत सहा महिन्यांवरून एक वर्षावर गेली. आणि १ जानेवारी २०२५ ला १९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम आला.

बडोद्यात सी-२९५ विमानांच्या जुळणीचा कारखाना उभा राहिला आहे, मागवलेल्या ५६ पैकी ४० इथली. तेव्हा बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या एखाद्या वर्कशॉपवाल्याला विमानदुरुस्तीच्या कामात उतरावंसं वाटलं, तर जरूर उतरा. पण कर घटला म्हणून नोंदवही पातळ झालेली नाही, हे आधी ऐका.

घरात लोणच्याच्या बरणीला आजी कोणाला हात लावू देत नाही. का? कोणी ओला चमचा घातला तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. फोडी तशाच, वर तेलही तसंच. बुरशी नंतर धरते, आणि तेव्हा चमचा कोणाचा होता हे कोणी कबूल करत नाही.

विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांचं असंच आहे. रेडिओ किंवा ट्रान्सपॉन्डर उघडून आतलं सर्किट कार्ड मनगटाला अर्थिंगचा पट्टा न बांधता हाताळलं, तर अंगावरच्या स्थिर विजेचा झटका चिपला बसू शकतो. आपल्याला तो जाणवतही नाही. यंत्र टेबलावरच्या चाचणीत पास होतं आणि पुढे कधीतरी हवेत दगा देतं. हाच तो ओला चमचा! म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, दुरुस्तीसंस्थांसाठीच्या सीएआर-१४५ नियमांना सगळं लेखी लागतं: बरणी कोणी उघडली, कधी, मॅन्युअलच्या कितव्या आवृत्तीप्रमाणे, आणि वापरलेल्या मीटरच्या कॅलिब्रेशनची मुदत शिल्लक होती का. अधिकृत सहीचा दाखला सोबत नसेल, तर भाग कितीही झकास दिसो, तो विमानात बसत नाही.

लंडनच्या एओजी टेक्निक्सनं विकलेल्या इंजिनभागांचे दाखले २०२३ मध्ये बनावट निघाले. कितीतरी विमानकंपन्यांना ते भाग शोधून काढून टाकावे लागले. त्यातले काही चांगलेही असतील. पण खात्री देणार कोण?

तरुण मंडळींनो, 'नोंदी संध्याकाळी एकदम भरू' हे मला मुळीच पटत नाही. संध्याकाळी माणूस झालेलं लिहीत नाही, व्हायला हवं होतं ते लिहितो. नंदेसरीच्या रसायन कारखान्यांत बॅच नंबराची शिस्त तुम्ही रोज पाळता. तीच इथे आणा, नवं काही शिकायला नको.

परवानाधारक तंत्रज्ञ कुठून आणायचे, नागपूरच्या मिहानमध्ये आणि नाशिकजवळ ओझरला हे काम कसं उभं राहिलं, त्यावरही बोलायचं होतं. पण वेळ संपत आली. तेव्हा पुन्हा एकदा सांगतो. सवलत कराला मिळाली आहे, नोंदीला नाही. ज्यानं काम केलं, त्यानंच ते लिहावं, आणि काम संपताच लिहावं.