जुनाट खोकला आणि अडुळशाचें पान



पहांटे चारच्या सुमारास घरांत निजानीज असतां आंतल्या खोलींतून खोकल्याची उबळ ऐकूं येते. आजोबा उठून बसतात, उशी पोटाशीं धरतात, आणि कफाचा एक चिकट गोळा सुटेपर्यंत अर्धा-पाऊण तास खोकत राहतात. तो सुटला कीं मग चहा. घरच्यांना याची इतकी संवय झालेली असते कीं त्याला कोणी रोग म्हणतच नाहीं. ‘त्यांचा नेहमींचा खोकला’ असें म्हणून सारे कुशीवर वळतात. वैद्यकशास्त्रानें मात्र या नेहमींच्या खोकल्याला एक मर्यादा घालून दिली आहे. लागोपाठ दोन वर्षें, दर वर्षीं निदान ३ महिने कफासह खोकला राहिला, तर तो श्वासनलिकांचा जुनाट दाह समजावा. अशा दाहांतून पुढें पुष्कळदां श्वासमार्ग कायमचे अरुंद होतात. या अरुंद श्वासमार्गांच्या रोगानें २०२१ सालीं जगांत सुमारें ३५ लक्ष माणसें दगावलीं.

अशा घरांत पहिली आठवण होते ती अडुळशाची. शेळ्या या झुडपाला तोंड लावीत नाहींत, म्हणूनच तें कुंपणाला टिकतें. लांबट गर्द हिरवीं पानें, जिभेवर ठेववत नाहीं इतकी कडू चव, आणि जबडा पसरलेल्या सिंहासारखीं पांढरीं फुलें. त्या फुलांवरून त्याला सिंहास्य हें संस्कृत नांव मिळालें. वैद्य त्याला वासा म्हणतात. रक्तपित्त, क्षय आणि कास या तिहींवर त्याची ख्याति आहे. पैकीं कासाविषयींची ख्याति बरीचशी खरी ठरली आहे. क्षयाविषयींची आज कोणीं धरून बसूं नये. कां, तें पुढें येईल.

कफ मुळांत शरीराच्या उपयोगाचा असतो. श्वासनलिकांच्या अस्तरावर त्याचा पातळ थर असतो, हवेंतली धूळ व जंतु त्याला चिकटतात, आणि अस्तरावरचे डोळ्यांना न दिसणारे केंस तालांत हालून तो थर हळूहळू घशाकडे ढकलीत असतात. तेथें तो आपण नकळत गिळून टाकतों. विडी, चुलीचा धूर किंवा रस्त्यावरची धूळ वर्षानुवर्षें आंत गेली म्हणजे हे केंस झडतात, आणि कफ करणाऱ्या ग्रंथि मात्र फुगतात. माल वाढला आणि हमाल घटले! मग रात्रभर सांचलेला कफ पाकासारखा घट्ट होतो, आणि खोकल्याच्या धक्क्यांनीं तो वर आणावा लागतो. चरकसंहितेंत शेकानें कफ पाझरतो हें सांगतांना डोंगरांतील बर्फ उन्हानें वितळण्याचा दृष्टान्त दिला आहे. अडुळशाचें कामही याच जातीचें. तो कफ पातळ करून सुटावयास मदत करतो; झडलेले केंस तो परत आणीत नाहीं.

या पानांतील गुणकारी द्रव्य १८८८ सालीं डेव्हिड हूपर यांनीं वेगळें काढलें. त्याला व्हॅसिसिन म्हणतात. पुढें त्याच्याच रचनेच्या आधारानें प्रयोगशाळेंत ब्रॉम्हेक्झिन तयार झालें आणि १९६३ सालीं तें बाजारांत आलें. ब्रॉम्हेक्झिन पोटांत गेल्यावर शरीरांत त्याचें जें एक रूपान्तर होतें तें अँब्रॉक्सॉल. आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर हें नांव छापलेलें आढळतें. तेव्हां घरांत सासूबाई अडुळशाचा आग्रह धरतात आणि सूनबाई बाटलीचा, त्या वेळीं दोघी एकाच झुडपाच्या दोन फांद्यांसाठीं भांडत असतात. फरक आहे तो प्रमाणाचा. बाटलींत किती मिलिग्रॅम औषध आहे तें लिहिलेलें असतें. पानांत किती, तें ऋतूवर, जमिनीवर आणि पानाच्या वयावर ठरतें. अर्थात् बाटलीकडूनही फार मोठी आशा धरावयास नको. कफ पातळ करणाऱ्या औषधांनीं जुनाट खोकल्याचे उद्रेक थोडेसे कमी होतात, इतकेंच आजवरच्या पडताळ्यांत दिसलें आहे. पण पहांटेचा पाऊण तास पाव तासावर आला तरी म्हाताऱ्या माणसाला तें लहान सुख नाहीं.

अडुळशाचें कच्चें पान कितीही चेचलें तरी रस फारसा सुटत नाहीं. म्हणून पानें वाफवून मग पिळण्याची चाल आहे. जुने वैद्य पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळीत, वर मातीचा लेप देत आणि निखाऱ्यांत भाजीत. याला पुटपाक म्हणतात. शहरांतल्या स्वयंपाकघरांत चाळणींत ठेवून वाफ दिली तरी काम भागतें. दोन चमचे रस, तो निवल्यावर अर्धा चमचा मध. मध गरम पदार्थांत घालूं नये असा वैद्यांचा दंडक आहेच. त्याहून महत्त्वाचें म्हणजे एक वर्षाच्या आंतील बाळाला मध चाटवूंच नये, कारण मधांत कधीं कधीं असणाऱ्या जंतुबीजांपासून त्या वयांत घातक विषबाधा होऊं शकते. गर्भवतीनें अडुळसा घेऊं नये. त्यानें गर्भाशयाचें आकुंचन होण्याची भीति असते.

अडुळशाच्या जोडीला ज्येष्ठमध येतो. त्यानें घसा निवतो, हें खरें. पण त्याचा काढा महिनोन् महिने घेतला तर रक्तदाब चढतो आणि रक्तांतील पोटॅशियम उतरतें. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आजोबांना सूनबाईनें प्रेमानें रोज ज्येष्ठमध पाजावा, आणि गोळी लागू कां पडत नाहीं म्हणून डॉक्टरांनीं चकित व्हावें, असा हा प्रकार आहे. सितोपलादि चूर्णांत सोळा भाग खडीसाखर, आठ वंशलोचन, चार पिंपळी, दोन वेलची आणि एक दालचिनी. म्हणजे निम्म्याहून अधिक साखरच. मधुमेह्यानें हें लक्षांत ठेवावें.

येथवर नुकसान झालें तरी सावकाशीचें. खरा घात होतो तो दम्यांत. दम्यामध्यें श्वासनलिकांभोंवतालचे स्नायु आवळतात व अस्तर सुजतें. कफ पातळ केल्यानें आवळलेली नळी उघडत नाहीं. तरी कित्येक सुशिक्षित घरांतूनही ‘पंपाची संवय लागते’ म्हणून मुलाचा पंप बंद करून त्याला काढ्यावर ठेवितात. या भीतीला हिशेबाचा आधार नाहीं. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यांत १०० मायक्रोग्रॅम औषध असतें. त्याच औषधाच्या गोळींत २ किंवा ४ मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट. पंपाचें औषध जेथें पाहिजे तेथेंच पोहोंचतें, म्हणून तें इतकें थोडें पुरतें. मुलाला एक वाक्य एका दमांत पुरें करतां येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आंत ओढली जात असेल, ओंठ निळे पडत असतील, तर काढा चुलीवर ठेवण्यांत पांच मिनिटेंही घालवूं नयेत. पंप द्यावा आणि इस्पितळ गांठावें.

वनस्पतींत नळी उघडणारें औषध नाहींच असें मात्र नाहीं. दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढण्याची चाल आपल्या देशांत होती; १८०२ सालीं ती मद्रासेहून ब्रिटनमध्यें गेली आणि तिकडे दम्याच्या सिगारेटीसुद्धां विकल्या जाऊं लागल्या. धोतऱ्यांतील अ‍ॅट्रोपिन जातीच्या द्रव्यावरूनच आजच्या पंपांतील इप्राट्रोपियम तयार झालें. पण धोतऱ्याचें बीं आणि पान हें विष आहे, आणि गुण व घात यांतलें अंतर त्यांत फार थोडें. तो प्रयोग घरीं कोणीं करूं नये.

आतां क्षयाविषयीं. दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकला तर थुंकी तपासून घ्यावी, हा सरकारी क्षयनिवारण योजनेचा साधा नियम आहे. अडुळशानें कफ सुटतो, उबळ उतरते, रोग्याला हायसें वाटतें, आणि क्षयाचे जंतु आंत आपलें काम चालू ठेवितात. तोंवर घरांतलीं लहान मुलें त्याच हवेंत श्वास घेत असतात. साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनीं बरा होणारा रोग केवळ उशिरामुळें हाताबाहेर गेल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. थुंकींत रक्त दिसलें किंवा वजन उतरूं लागलें, तर दोन आठवडेही थांबूं नये.

आणखी एक सावधगिरी. ज्या पुडीवर घटकांचीं नांवें नाहींत आणि जिच्यानें जुना दमा तीन दिवसांत पळतो, तिची शंका घ्यावी. वनस्पतींच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलें तपासणींत सांपडलेलें आहे. असलें औषध महिनोन् महिने पोटांत गेलें कीं चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडें ठिसूळ होतात. आणि एकदम सोडलें तर जिवावर बेततें.

राहतां राहिला धूर. आजोबांना सकाळीं अडुळसा द्यावयाचा, आणि रात्रीं त्यांच्याच उशाशीं खिडकी लावून डासांची कॉइल पेटवावयाची, असें पुष्कळ घरांत चालतें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत अशी एक कॉइल पुरती जळली असतां ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण हवेंत सुटतात असें आढळलें. डासांना अडवावयास मच्छरदाणी पुरते, आणि तिच्यासाठीं लागणारे उभे खांब कित्येक जुन्या पलंगांना अजून आहेत.