चाकूची पारख
(वार्षिक स्नेहसंमेलनात हर्सूल येथे केलेले भाषण)



मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही पडलो मॅट्रिक झालेले शाळामास्तर. वेदान्त आमच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून खिशात मावेल एवढाच विषय घेतला आहे : साधा मिटणारा चाकू.

यास कारण घडले. पंचवीसेक वर्षांपूर्वी नवरात्रात हरसिद्धी देवीच्या यात्रेतून आम्ही एक चाकू घेतला. किंमत अल्प, मुठीवर मोराची नक्षी. वर्गातील एका मुलास तो शिसपेन्सिल तासण्यास दिला. जरा जोर पडताच पाते मिटले आणि मुलाच्या तर्जनीस दोन टाके पडले. त्याची आई एवढेच म्हणाली, “गुरुजी, तुम्ही दिला म्हणून त्यानं घेतला.” ते वाक्य आम्हांस आजही बोचते. आम्ही मूठ पाहिली, कमान पाहिली नाही.

कमान म्हणजे मुठीच्या पाठीतील पोलादी पट्टी. तीच पाते उघडे धरते. चाकू उघडताना शेवटी ‘खट्’ असा आवाज व्हावा. मिटताना हातास विरोध जाणवावा. उघडे पाते आडवे हलवून पाहावे. डुगडुगले तर रिव्हेट ढिला. मिटल्यावर धार मुठीत पूर्ण दडावी.

मग पोलाद. घरी आणल्यावर मुठीजवळच्या बिनधारेच्या कोपऱ्यावर बारीक कानस हलकेच फिरवावी. ती घसरली तर पाणी नीट दिलेले. सहज चावली तर पाते मऊ. लोहार पाते लाल तापवून पाण्यात वा तेलात विझवितो. परंतु तेवढ्याने ते ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. तेव्हा घासलेल्या पात्यावर फिकट पिवळा रंग येतो. निळा रंग सुमारे ३०० अंशांचा. तो कमानीस शोभतो, धारेस नव्हे. विजेच्या चाकावर धार लावताना पाते निळे पडले, तर पाणी उतरले असे समजावे.

गंजते म्हणून पाते वाईट ठरत नाही. साधे पोलाद गंजते खरे, परंतु निसण्यावर लवकर धार घेते. पेरू कापल्यावर पाते पुसावे, खोबरेल तेलाचा हात फिरवावा, इतकेच.

स्वस्त म्हणजे टाकाऊ नव्हे. फ्रान्सच्या साव्हा प्रांतात जोझेफ ओपिनेल यांनी १८९० साली लाकडी मुठीचा साधा चाकू बनविला. त्या नावाचे चाकू आजही निघतात. आणि आपल्या दख्खनात, निजामाबादेकडील कोनासमुद्रम् गावचे पोलाद नेण्यास एके काळी इराणी व्यापारी येत असत. मोटारीच्या जुन्या कमानपाट्यातून पाते घडविणारा गावचा लोहार त्याच विद्येचा वारस. त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करण्यापूर्वी ‘खट्’ ऐकावे. चांगला वाजला तर मागेल ते द्यावे.

तो विद्यार्थी आता बाप झाला आहे. गेल्या दसऱ्यास तो मुलासाठी चाकू निवडून घेण्यास आम्हांकडेच आला. आम्ही मोर पाहिला नाही. कमान तीनदा तपासली. त्याने विश्वास टाकला, हेच आमचे निवृत्तिवेतन.